कावळा शिवला न्हाय तरी

हिमालय बघायची आमच्या हिची फार इच्छा होती, असं सूनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. साफ खोटं. हिला थंडीचं वावडं. पौषात अंगावर दोन गोधड्या आणि वर माझ्या नावानं शंख, की खिडकी कुणी उघडी ठेवली. तिची इच्छा एकच होती, विहिरीवरचा पंप बदलावा. तो बदलला, सुपारीच्या मुळाशी पाणी गेलेलं तिनं बघितलं, आणि त्याच साली ती गेली.

मग आम्ही हिमालयात गेलो कशाला? मला घरातून हलवायला. ते समजायला आधी दहाव्याचं सांगावं लागेल.

दहाव्याला रेवदंड्याच्या खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या सुरूच्या झाडांवर रांगेत बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. भावकीतला एक म्हणाला, वाडी विकणार नाही म्हणा. म्हटलं. दुसरा म्हणाला, नातीचं लग्न थाटात करू म्हणा. तेही म्हटलं. ऊन चढलं. शेवटी माझा मुलगा पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही." झालं! कावळ्यानं झडप घातली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, बायकांनी डोळे पुसले. मला कुणी विचारलं नाही. हिनं, मुलानं आणि कावळ्यानं मिळून माझा निकाल लावून टाकला.

तेव्हापासून मुलगा घोकत होता, पनवेलला आमच्याकडं राहायला चला. मी म्हणत होतो, न्हाय. मग त्यानं रजा काढली, मोठी गाडी धुऊन पुसून दारात उभी केली आणि म्हणाला, जरा हवापालट करू, स्पितीला जाऊ. मी कुलूप लावलं, चावी कमरेच्या करगोट्याला बांधली आणि सुकटीचा डबा घेऊन मागं बसलो.

"बाबा, गाडीला वास लागेल हो," सूनबाई म्हणाली.

"लागू दे. तुझ्या त्या लटकवलेल्या अत्तरापेक्षा बरा."

गाडी कधी मुलगा चालवायचा, कधी नात. नात कॉलेजात आहे, पोटात काही राहत नाही तिच्या. मनालीच्या अलीकडं मला म्हणते, "आजोबा, तुमची खोली बघा तुम्ही. निळा रंग दिलाय. पलंगसुद्धा आणलाय." पुढं आई-बाप एकदम गप्प. मला काय ते कळलं. परत जाताना गाडी पनवेलला थांबणार होती आणि मला तिथंच उतरवणार होते. कमरेची चावी चाचपून बघितली.

डोंगर ओलांडून पलीकडं गेलो तर झाड नाही, झुडूप नाही. गवंडी काम अर्धं टाकून पळून गेल्यासारखा मुलूख. दगडांचे ढीग आणि मधून राखाडी नदी. आमच्या वाडीतलं खोबरेल बाटलीत गोठून पांढरं दगड झालं. मैलच्या मैल माणूस दिसेना. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. तिथं कुणी माझी समजूत काढायला येत नव्हतं.

दुपारी एका ओढ्याशी आलो. पूल नाही, रस्त्यावरूनच पाणी वाहत होतं, नडगीभर. पुढच्या दोन गाड्या गेल्या. मी बघितलं, दगडांवर पाण्याची रेघ वर आणि पाणी खाली. ओरडलो, "थांब! ओहोटी लागलीय. अजून उतरू दे." आणि गंमत बघा, मुलाचा पाय ब्रेकवर गेला. एवढा इंजिनिअर, पण पोरगा खाडीवर वाढलेला. आगरदांड्याला खाडीपलीकडं नेणाऱ्या तरीची वाट बघत माझ्या शेजारी बसलेला. ओहोटी म्हटल्यावर तो थांबला.

थांबलो. पाणी चढलं. नडगीचं गुडघ्याला आलं, मग कमरेला. गढूळ झालं आणि आतून धोंडे गडगडल्याचा आवाज यायला लागला. पलीकडून एक ट्रकवाला हात हलवून ओरडत होता, की उन्हानं बर्फ वितळतं, पाणी संध्याकाळपर्यंत वाढतच जाणार, आता सकाळी या.

मुलगा भडकला. "इथं कसली आलीय ओहोटी? समुद्र आहे का इथं?"

"मग ऐकलंस कशाला?"

मग त्याच्या मनातलं बाहेर आलं. "हेच! म्हणूनच तुम्हाला एकटं ठेवता येत नाही. उद्या घरात असंच काही ठरवून बसाल, कोण आहे बघायला? आईला शब्द दिलाय मी."

"तू दिलास. मी न्हाय."

"कावळा शिवला होता बाबा! सगळ्यांनी बघितलं."

"कावळा भुकेला होता. सकाळपासून कुत्र्यांनी खाली उतरू दिलं नव्हतं त्याला."

सूनबाई म्हणाली, "पुरे हो दोघं." पण माझंही तोंड सुटलं होतं. म्हटलं, "घरात ती न्हाय, मला ठाऊक हाय. मोरीत तिचा दगड हाय, ती न्हाय. पडवीत पाट हाय, ती न्हाय. ते न्हाय असणं मला तिथं बसून बघायचंय. तुझ्या निळ्या खोलीत ती कधी आलीच न्हाय, तर तिथं मी कुणाच्या नसण्याशी बोलू?"

मुलानं गाडी मागं वळवली. रात्र अलीकडच्या तंबूतल्या ढाब्यावर काढली.

सकाळी पाणी उतरलं होतं. ढाब्याबाहेर कावळे होते, पण वेगळेच. अंगानं काळेभोर आणि चोच पिवळीधमक, जशी काही हळदीला जाऊन आलेली. मला काय सुचलं कुणास ठाऊक. ढाबेवाल्या बाईकडून कालचा भात मागून घेतला. लांब शिताचा तो भात, मुटका काही वळेना, आमच्या जाड्या तांदळासारखा चिकट नाही. सूनबाई आली, माझ्या हातावर थोडं पाणी घातलं आणि बाजूला उभी राहिली. मुटका दगडावर ठेवला, वर सुकट ठेवली. मुलगा बघत होता.

मोठ्यानं म्हणालो, "मी घर सोडणार न्हाय. पटत असेल तर शिव."

एक कावळा उड्या मारत आला. मुटक्याभोवती एक फेरी घातली. सुकटीचा वास घेतला असेल नसेल, मान वाकडी केली आणि गेला ढाब्यामागं कुणीतरी टाकलेल्या नूडल्सवर. मागोमाग बाकीचेही गेले.

नात हसू दाबत होती. मुलगा सावकाश म्हणाला, "बघा. नाही शिवला."

"न शिवू दे. तिनं तरी जन्मात माझं एक पहिल्या झटक्यात ऐकलं का?"

मी तो मुटका उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. "अहो बाबा!" सूनबाई ओरडली. म्हटलं, "पिंड न्हाय तो, माझी न्याहारी हाय. कावळ्याला विचारून झालं, आता मी माझं सांगतो. न्हाय सोडणार."

मुलगा हसायला लागला. हसता हसता तोंड फिरवून ओढ्याकडं गेला आणि बराच वेळ तिथं उभा राहिला. आईला जाळून आल्यापासून तो रडला नव्हता. मी त्याच्यामागं गेलो नाही. त्याचं त्याला रडू दिलं.

ओढा ओलांडला, स्पिती बघितली आणि परत फिरलो. पनवेलला बिल्डिंगखाली गाडी थांबली. सूनबाई आणि नात पिशव्या घेऊन उतरल्या. मी बसून राहिलो. मुलानं माझ्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा बाबा. पाय आखडलेत का?"

"पाय बरे हायत. माझं घर अजून आलं न्हाय."

तो दार धरून उभा राहिला. वर बघितलं, चौथ्या मजल्याकडं, तिथं ती निळी खोली. मग दार लावलं, पुढं जाऊन बसला आणि गाडी वडखळच्या रस्त्याला काढली. पुढं अलिबागकडं, आमच्या घराच्या वाटेला वळल्यावर त्यानं विचारलं, "चावी आहे ना तुमच्याकडं?"

"कमरेला हाय."

रात्री तो राहिला. सकाळी मी विहिरीच्या कठड्यावर भात ठेवला, ती ठेवायची तसा. आपल्याकडचे काळ्या चोचीचे दोन कावळे लगेच आले आणि भांडत खायला लागले. मुलगा दात घासत पडवीत आला.

"काय विचारलंत त्यांना?"

"काय न्हाय," म्हटलं. "खायला घातलं."