हवालदार मामांचं दहावं आणि बारसं

"हवालदारानं शेवटी लेकाचं दहावं घातलं म्हनं, आन् सुनेच्या बांगड्या..."

सकाळी नदीच्या पाणवठ्यावर एवढंच कानावर आलं. मला बघून बोलणाऱ्या दोघींनी घागरी उचलल्या! मी हवालदारांची शेजारीण, आणि माझ्यापासूनच लपवतात. पंचवीस वर्षं माझ्या आणि हवालदार मामांच्या घरात एक कुडाची भिंत आहे. कुडातून धूर येतो तसं बोलणंही येतं. कान कुठं ठेवू मी? असे मामांचे किस्से माझ्याकडे साठत गेले. पूर्वी सांगताना हसू यायचं. आता सांगायला बसले की मध्येच थांबते.

*

मी लग्न होऊन उत्रोलीत आले त्याच साली मामा मेले होते. म्हणजे पहिल्या जर्मन लढाईतून तसा कागद आला होता. भावकीनं दर्भाचा पुतळा करून जाळला, नीरा नदीवर दहावं घातलं, मामांच्या बायकोच्या, गयाआक्कांच्या बांगड्या फोडल्या. आणि एका दुपारी मामा चालत आले! तुर्कांच्या कैदेत होते.

सगळी आळी ओरडत आपापल्या घरात शिरली. आक्का तेवढ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "आदी पाय दावा."

भुताचे पाय उलटे असतात ना! मामांच्या पायांत बूट, वर गुडघ्यापर्यंत पट्ट्या. बसले सोडत. पट्टी काही संपेना, आणि आळी दारांच्या फटींतून बघतेय. शेवटी पाय निघाले. सुलटे होते, पण सुजलेले, जागोजागी फुटलेले.

"ह्या पायांनी येवढं लांब आलात व्हय?" आक्का म्हणाल्या, आणि मग कुठं रडल्या.

*

भोरचे भटजी म्हणाले, दहावं झालेला माणूस घरात घेता येत नाही. त्याला पुन्हा जन्माला घातला पाहिजे. म्हणजे बारसं! आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न!

तीस वर्षांचं मिशीवालं बाळ पाळण्यात कसं मावणार? फेटा ठेवला पाळण्यात. मी नवी नवरी म्हणून दोरी माझ्या हातात दिली. आत्या कानात नाव सांगायला वाकली, तर मामा म्हणाले, "जोरात सांग, तोफांनी ह्यो कान गेलाय!"

घुगऱ्या मामांनीच तीन वाट्या खाल्ल्या. आक्का म्हणाल्या, "बाळ लई खातंय!"

पुढल्या साली धोंडीबा झाला. त्याला तोच पाळणा.

*

मामांचं मेडल पोस्टानं आलं. कुणीही विचारायचं, "मेडल कशाबद्दल वो, मामा?"

"तहान लागली व्हती."

बस, एवढंच! मग एकदा शिवऱ्याचा त्यांच्याच पलटणीतला शिपाई घरी आला, त्यानं सांगितलं. बसऱ्याकडं गोळ्यांच्या पावसात हा माणूस जखमींसाठी पाच वेळा पाण्याची मशक भरून आणायला गेला. आळीनं तोंडात बोटं घातली. मामा चिडले.

"पयल्या खेपंचं पानी म्या येकट्यानं प्यालो. त्ये कुनी लिवलं न्हाई!"

*

दुसरी लढाई लागली. भोरला भरतीची सभा होती. मामांना मेडल लावून खुर्चीवर बसवलं आणि साहेब म्हणाला, जवानांना दोन शब्द सांगा.

मामा उठले. "तिकडं माश्या लई हायत," म्हणाले आणि बसले.

साहेब हसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांना टाळ्या नको होत्या, पण ते कुणाला कळलंच नाही. धोंडीबा पुढंच बसला होता, बापाच्या छातीकडे बघत. त्याच दुपारी त्याचं नाव लिस्टात गेलं. घरी आल्यावर मामा मेडल उपटायला लागले, पण पिन काही निघेना.

कुडापलीकडून आक्कांचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. त्याचं काम झालं."

*

धोंडीबाचा कागद आला. बेपत्ता, मेला असं धरावं. आक्का त्याच साली गेल्या. मागं राहिले मामा आणि सून हिरा. वीस वर्षांची पोर, नवऱ्याबरोबर सहा महिने राहिलेली.

हिराचा भाऊ खेपा घालू लागला. "दहावं करा, मामा. बांगड्या उतरवू, पोरीला मोकळी करा. जल्म काढायचाय तिला, दुसरं घर बघतो."

त्याचंही काय चुकत होतं?

मामा म्हणायचे, "कागदावर म्या बी मेलो व्हतो. माज्या पिंडाला दीसभर कावळा शिवला न्हाई, तवा भटानं गवताचा कावळा करून शिववला. तितंच वळखाया पायजे व्हतं, मानूस जिता हाय म्हनून!"

अशी तीन वर्षं गेली. एकदा मी कुडातून विचारलं, "हिरे, तुला काय वाटतं गं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, आत्याबाई."

"मग मी विचारतेय की!"

"तुमी समद्या आळीला सांगाल."

*

तर आज सकाळी मी घागर पाणवठ्यावरच टाकली आणि काठानं वर निघाले.

दहावं खरंच चाललं होतं. वाळूवर पिंड मांडलेला. भटजी बाभळीच्या सावलीला, हिराचा भाऊ मान खाली घालून उकिडवा. समोरच्या झाडावर कावळेच कावळे. आणि पिंडाशेजारी मामा उभे, हातात गोफण! कावळा उतरला की गोफण फिरायची.

"हवालदार, शिवू द्या की आता. ऊन किती चढलं," भटजी म्हणाले.

"म्या कुटं नगं म्हनतोय? त्येंनी यावं!" आणि सूं करून दगड गेला.

भटजींनी दर्भाची जुडी हातात घेतली, गवताचा कावळा वळायला. मामांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी जुडी खाली ठेवली.

मग मामांना मी दिसले. "ठकू, तू साक्षीला हाईस. दीस उगवल्यापासनं येक बी शिवला न्हाई."

मी हिराकडे बघितलं. बांगड्या हातातच होत्या. ती मामांच्या मागं, घोट्याएवढ्या पाण्यात वाकली होती, आणि गोफणीला नीट बसतील असे गोटे एकेक निवडून ओच्यात भरत होती.