सहीशिक्क्याचा फोटो

"बादलीभर पाणी मिळेल का हो? आज नळ कोरडाच आहे," शेजारच्या शोभाताई दारात उभ्या होत्या. त्यांना दिसत नाही.

"अहो, काल ग्रुपवर टाकलं होतं की!" मी जरा तोऱ्यातच म्हणालो. सोसायटीचा सेक्रेटरी ना मी!

त्यांनी मोबाइल काढला. अंगठा सरकेल तसा तो बोलू लागला. कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाची पार्किंगची तक्रार, सगळं त्याने घडाघडा वाचलं. माझ्या नावापाशी मात्र नुसतं म्हणाला, "फोटो."

मी सूचना कागदावर लिहितो, खाली सही करून शिक्का मारतो आणि त्या कागदाचा फोटो टाकतो. शिक्क्याशिवाय सूचनेला वजन येत नाही, असं मला वाटतं.

"अगंबाई, ही सूचना होती होय? मला वाटायचं, तुम्ही सकाळची फुलं पाठवता. मी आपली रोज नमस्कार करते."

तो नमस्कार मी तीन वर्षं 'वाचलं' असाच धरत आलो होतो. त्या मोबाइलने वाचायची सगळी तयारी ठेवली होती. त्याला अक्षरं द्यायची तेवढी माझ्याकडून राहिली.

बादली त्यांच्याकडे पोचवून आलो आणि टाइप केलं, 'पाणी संध्याकाळी सहाला येईल.' मिनिटसुद्धा लागलं नाही. भिंतीपलीकडून माझंच वाक्य ऐकू आलं.

मग त्यांचा नमस्कार आला, नेहमीसारखाच. मला तो घेववेना.