शेवंतीबाईंची गाडी

शेवंतीबाई घाडीगावकरांच्या जिभेला हाड नाही, हे उभ्या लालबागला ठाऊक. पण यंदा मे महिन्यात ती जीभ त्यांच्याच अंगाशी आली.

बाई शिक्षिका म्हणून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी दर मे महिन्यात आपल्या शाळेसाठी पोरं गोळा करत चाळीचाळींतून हिंडतात. शाळा म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडची पालिकेची मराठी शाळा, या भागातली पहिली. ती उघडली तेव्हा गुरुजी होते, फळा होता, पोरंच नव्हती! ट्रामच्या रस्त्यापलीकडे कुठली आई पोर धाडणार? तेव्हा बाईंची आजी पुढे झाली. ती गिरणीकामगारांची खाणावळ चालवायची. सकाळची ताटं वाढून झाली की एक जुनं लुगडं लांब सोडायची आणि ओरडायची, "धरा रे मेल्यांनो!" काठ धरून पोरं तिच्यामागून रस्ता ओलांडायची. अशी ती शाळा भरली.

यंदा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पोरं मिळाली नाहीत तर पहिलीचा वर्ग बंद." पहिली गेली की शाळा किती दिवस टिकणार?

बाई तडक चाळीतल्या अक्षदाकडे गेल्या. अक्षदा भल्या सकाळी ऑफिसांची झाडलोट करायला जाते. तिची लेक मनू यंदा पहिलीला.

"बाई, शाळा चांगलीच हो, मी तिथेच शिकले," अक्षदा म्हणाली. "पण इंग्लिश शाळेची गाडी दारात येते. मी कामावर गेल्यावर मनूला रस्ता कोण ओलांडून देणार? तुमच्या शाळेची गाडी आहे?"

"आहे!" बाईंनी ठणकावलं.

झालं! बातमी चाळभर पसरली, आयांनी धडाधड नावं घातली, आणि बाईंची झोप उडाली. कुठली गाडी नि कुठलं काय!

शाळेच्या पहिल्या दिवशी आया नाक्यावर उभ्या, अक्षदाही रजा टाकून आलेली. दुखरे गुडघे सावरत बाई आल्या, काखेत आजीचं लुगडं. ते त्यांनी उलगडलं. "हीच गाडी. खोटं बोलले गं बायांनो. पण रोज येईन."

"फसवलंत बाई!" अक्षदा भडकली. पण मनूने काठ पकडलासुद्धा, आणि तिच्यामागे सगळ्यांनी.

पहिलीचा वर्ग उघडला. भर पावसातही बाईंचा एक खाडा नाही. धन्य ती बाई!

श्रावणात मात्र गुडघ्याने दगा दिला. सकाळी पलंगावरून उठवेना, तसा निरोप त्यांनी खाली धाडला. आज आपली पोरं घरीच राहणार, म्हणून पलंगावरच खिडकीशी बसून बाई चक्क रडल्या.

तेवढ्यात खालून कलकलाट आला. बायांनी आपल्या ओढण्या एकमेकींना गाठी मारून लांब केल्या होत्या आणि पोरं त्या धरून निघाली होती. सगळ्यात पुढे अक्षदा, कामावर लेट होत असतानाही. तिने वर पाहिलं आणि हाक मारली,

"बाई, पडून राहा! गाडी सुटली!"