साहेबांच्या मार्गदर्शनाखाली

"वडिलांचा व्यवसाय, शेती." साहेबांनी माझा बायोडाटा मोठ्यानं वाचला. थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शेती? साक्रीकडचा ना रे तू? तुमच्या लोकांकडे जमिनी कधी आल्या?"

केबिनमध्ये अकाउंटंट आणि स्टोअरकीपर चहा पीत बसले होते. दोघंही हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

शेती नव्हतीच. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गावातली मेलेली ढोरं ओढायचे. बौद्ध झाल्यावर ते काम त्यांनी सोडलं आणि दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला जाऊ लागले. मजुरी शेतातच असते, म्हणजे शेतीच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. धुळ्याच्या एका तेल गिरणीत मी वर्क्स मॅनेजर साहेबांचा असिस्टंट होतो. शेठ जळगावला नवी गिरणी काढत होते आणि तिच्यासाठी जनरल मॅनेजर हवा होता. अर्ज साहेबांमार्फत जायचे. मी अर्ज केला. स्टुडिओवाल्याचा कोट अंगात घालून फोटो काढला. फोटोत मी जनरल मॅनेजर कमी आणि बिनतिकिटाचा पकडलेला प्रवासी जास्त दिसत होतो.

साहेबांनी बायोडाटा टेबलावर टाकला. "असू दे. इंग्रजी मात्र बरं आहे तुझं. मलाही त्याच जागेसाठी अर्ज करायचाय. माझा बायोडाटा तूच करून आण. सरकीच्या तेलाचा काळपटपणा घालवला ते घे. रिफायनरी पुन्हा सुरू केली ते घे. हमालांचा संप मिटवला तेही घे."

तिन्ही कामं माझी होती. संपाच्या वेळी साहेब नाशिकला मेहुणीच्या लग्नात होते. मी म्हणालो, "हो साहेब."

भीती कसली, ते सांगतो. आम्ही राहायचो ते क्वार्टर गिरणीचं. मुलगी गिरणीच्या ओळखीनं शाळेत लागलेली. माझा गोपनीय अहवाल साहेब लिहायचे. त्यांच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला तरी मी खुर्चीतून उठून उभा राहायचो.

बायोडाटा टाइप करून घ्यायला अक्कांकडे गेलो. अक्का म्हणजे आमच्या गल्लीत टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या विधवा बाई. सगळ्या धुळ्याचे नोकरीचे अर्ज त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी मी लिहून नेलेला साहेबांचा मजकूर वाचला, मग माझ्या आधीच्या बायोडाटाची त्यांच्याकडे राहिलेली प्रत काढून वाचली. साहेबांची पानंच्या पानं. माझं एक पान, आणि त्यातही प्रत्येक वाक्य सुरू होत होतं 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली'.

"भाऊ, हाई बठ्ठं सायबनी करं," अक्का साहेबांच्या सगळ्या कामांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मंग तू तठे काय करत व्हता? पंखा हालावत व्हता का?"

मी विनोद करायला तोंड उघडलं. पण नजर माझ्या त्या एका पानावर गेली आणि आबा आठवले.

गावात पाटील समोरून आले की आबा वाट सोडून काटेरी कुंपणाला लागून उभे राहायचे. मला त्याची लाज वाटायची. म्हणून शिकलो. आणि शिकून काय केलं? माझं प्रत्येक वाक्य कुंपणाला चिकटून उभं केलं. साहेब आधी जाऊ देत, मग मी. कोणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. माझी मीच वाट सोडली होती. मोठ्या खुर्चीसाठी अर्ज करणाऱ्या माणसानं आपण काय केलं ते लिहायचं असतं, आणि मी लिहिलं होतं की कोणाच्या मागे उभा होतो.

"अक्का, नवा कागद लावा," मी म्हणालो. मग तोंडी सांगत गेलो. रिफायनरी मी सुरू केली. तेल मी स्वच्छ केलं. संप मी मिटवला. वडील: मेलेली ढोरं ओढत, पुढे शेतमजूर. तिथे अक्कांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटं पुन्हा चालू लागली. साहेबांच्या कागदातून माझं सगळं काढलं. उरलं त्यांचं नाव, पदवी आणि जन्मतारीख.

दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. वाचताना त्यांची मान लाल झाली.

"हे काय?"

"तुमचं काम तुम्ही सांगा, साहेब. माझं मी लिहिलंय."

"क्वार्टर गिरणीचं आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"अर्ज मागे घे. संध्याकाळपर्यंत."

बाहेर आलो आणि सायकल काढली. घरी बायकोला सांगितलं. तिनं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. मग म्हणाली, "मुलीची शाळा सुटली तर?"

संध्याकाळ झाली. मी अर्ज मागे घ्यायला गेलो नाही. अक्कांनी काढलेली नव्या कागदाची कार्बन प्रत थेट शेठच्या नावानं पोस्टात टाकली. जागा मिळणार नाही, हे मला कळत होतं. क्वार्टर जाईल. कदाचित धुळंही सुटेल. भीती तेव्हाही गेली नाही. पण एक ठरवलं. यापुढे माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव माझ्या हातानं चढणार नाही. शेठनं समोर बोलावून विचारलं, तर हेच सांगेन. आवाज कापेल. कापू दे.