हार घातलेला टीव्ही

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत होतो. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि चार वर्ग. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवून चौथीच्या भागाकाराकडे वळलो की दुसरी भांडायला लागायची. तिसरीतली मुलं माझा नाद सोडल्यासारखी खिडकीतून भाताच्या खाचरांकडे बघत बसायची. एका वर्गाला शिकवताना उरलेल्या तिघांचं काय करायचं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. वरिष्ठांना विचारलं, तर शिक्षण आनंददायी करा म्हणाले. आनंद दुसरीला होतच होता.

म्हणून उपग्रहावरून प्रशिक्षण होणार असं कळलं तेव्हा मी मनापासून खूश झालो. तज्ज्ञ दूरच्या शहरात स्टुडिओत बसणार, आम्ही तालुक्याच्या गावी हायस्कूलच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसणार आणि शंका फोनवरून विचारणार. या नव्या शिकवण्याचा दर्जाही मोजणार होते. ज्या केंद्रातून शंका जास्त येतील तिथं प्रशिक्षण चांगलं झालं असं धरणार, हे विस्तार अधिकारी आधीच सांगून गेले होते.

आमच्या केंद्रप्रमुखांना ते पटलं नव्हतं.

"शंका कुणाला येते?" त्यांनी आम्हाला विचारलं. "ज्याला समजलं नाही त्याला. इथून शंका गेल्या म्हणजे तालुक्याची अब्रू गेली."

"पण सर, जास्त शंका आल्या तर चांगलं, असं साहेब म्हणाले."

"ते बोलायला म्हणाले, गुरुजी. शेरा मारताना काय मारतात ते मी नोकरीभर बघतोय."

याबाबतीत त्यांचा अनुभव दांडगा होता.

पहिल्या दिवशी गावातल्या एका पुढाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. नारळ फुटला, स्वागतगीत झालं, मग तज्ज्ञांचा सत्कार आला. आमच्याकडे सत्काराशिवाय कुणी कुणाला काही शिकवत नाही. अडचण एवढीच होती की तज्ज्ञबाई शहरात होत्या आणि हार इथं. पुढारी क्षणभर घोटाळले. तेवढ्यात पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, बाई प्रकट झाल्या आणि त्यांनी नमस्कार केला. पुढाऱ्यांनी तत्परतेनं पुढे होऊन टीव्हीला हार घातला. टाळ्या पडल्या. बाई हसल्या, त्या वेगळ्या कारणानं असाव्यात.

हार झेंडूचा आणि चांगला जाडजूड होता. तो दोन्ही बाजूंनी उतरून पडद्याच्या खालच्या पट्टीवर विसावला. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "खाली दिसणाऱ्या क्रमांकावर फोन करा." आम्हाला खाली झेंडू दिसत होता.

"सर, हार जरा वर घेऊ का?" मी विचारलं.

"उद्घाटकांनी घातलेला हार आपण काढायचा?" केंद्रप्रमुख म्हणाले. "ते पुन्हा कधीही डोकावतील."

माझ्या शेजारी राहुरीकडून बदलून आलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या शाळेतही चार वर्ग एकाच खोलीत. त्या हळूच म्हणाल्या, "असू द्या, गुरुजी. फूल सुकतंच कधीतरी."

बाकीच्या केंद्रांच्या शंका आम्ही ऐकत राहिलो. एका केंद्रानं मान्यवरांची नावं घेण्यातच आपला वेळ संपवला. दुसऱ्यानं तज्ज्ञबाईंचं अभिनंदन केलं आणि ही शंका नाही, भावना आहे, असं स्पष्ट केलं. मोजणाऱ्यांनी ती कशात धरली कोण जाणे.

शेवटच्या दिवशी हार खरंच सुकला, आक्रसला आणि क्रमांक दिसू लागला. मी क्रमांक पेनानं तळहातावर लिहून घेतला. हॉलमधल्या फोनच्या डायलला छोटं कुलूप होतं, किल्ली केंद्रप्रमुखांच्या खिशात. एव्हाना इतर केंद्रांच्या शंका ऐकून त्यांनाही वाटू लागलं असावं की एखादी गेलेली बरी. त्यांनी कुलूप काढलं. "एकच," ते म्हणाले. "आणि कमीपणा येईल असं काही नको."

पुष्कळ खटपटीनंतर फोन लागला आणि हॉलभर कर्कश शिट्टी घुमली. पडद्यावरून बाई म्हणाल्या, "आधी टीव्हीचा आवाज बंद करा." राहुरीच्या बाईंनी उठून तो बंद केला. मी विचारलं. चार वर्ग, एक खोली, एक शिक्षक. एकाला शिकवताना बाकीच्या तिघांनी काय करायचं?

"फार महत्त्वाचं विचारलंत," फोनमधून बाईंचा आवाज आला. "सांगते."

एवढ्यात केंद्रप्रमुखांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "आभार मानावे लागतात. आणा इकडं."

आता बाई पडद्यावर बोलत होत्या आणि आवाज बंद होता. मी टीव्हीकडे धावलो, तर केंद्रप्रमुखांनी हातानंच थांबवलं. पुन्हा शिट्टी वाजली असती. ते कानाला रिसीव्हर लावून माना डोलावत होते. "हो मॅडम. अगदी बरोबर. हो, हो." बाईंनी चार बोटं दाखवली. मग त्यांतली दोन मिटली. मग काहीतरी ठामपणे सांगितलं. केंद्रप्रमुखांनी सर्व शिक्षकांच्या वतीनं आभार मानले, फोन ठेवला आणि डायलला कुलूप घातलं.

"काय म्हणाल्या?"

"महत्त्वाची शंका आहे म्हणाल्या."

"ते मी ऐकलं. उत्तर काय दिलं?"

"दिलं ना. चांगलं सविस्तर दिलं."

"म्हणजे काय सांगितलं, सर?"

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. "अहो, मी आभाराचं वाक्य जुळवत होतो."

टीव्हीचा आवाज वाढवला तेव्हा दुसरं केंद्र स्वतःची ओळख करून देत होतं.

पुढं आमच्या केंद्राचा निकाल कळला: शंका एक, निरसन पूर्ण, दर्जा उत्तम. केंद्रप्रमुखांचा सत्कार झाला. या वेळी माणूस समोर असल्यानं हार गळ्यात पडला.

त्या शेवटच्या दिवशीच, परतीच्या एसटीत, मी राहुरीच्या बाईंना बोटांचा अर्थ विचारला होता.

"चारचे दोन करा म्हणत असतील," त्या म्हणाल्या. "नाहीतर दोन मिनिटं उरलीत म्हणत असतील."

मी पहिला अर्थ धरला. सोमवारी पहिली-दुसरी एकत्र बसवली, तिसरी-चौथी एकत्र, दोन्ही गट समोरासमोर. दुसरी आता पहिलीशी भांडू लागली. भागाकार होता तिथंच राहिला. तिसरीची पाठ मात्र खिडकीकडे झाली.