गावच्या बँडचं सुटलेलं साल

शेवटच्या रविवारीसुद्धा अण्णानं मला वैताग दिलाच. मुलुंडला माझ्याकडे आला, चपला दारात आडव्या टाकल्या, चहात बटर बुडवून खाल्लं आणि त्याच बोटांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"लिही गो शालू. तुझ्या लग्नाचं साल."

"ते सोड म्हटलं ना! पुढचं सांग."

"इतिहासात साल सोडत नाहीत."

"मग पुढच्या रविवारी बघू," मी म्हटलं. गुरुवारी सकाळी भाच्याचा फोन आला... अण्णा झोपेतच गेला. ऐंशी उलटलेल्या माणसानं जाऊ नये असं नाही, पण भांडण अर्धं टाकून जायचं म्हणजे काय?

अण्णा माझा थोरला भाऊ, विक्रोळीला कारखान्यात फिटर होता. वही आमच्या कुडाळकडच्या गावच्या बँडच्या इतिहासाची. त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नसे, म्हणून मी बिनपगारी कारकून. बँड गावचा, पण वाजवणारे सगळे मुंबईत. तालीम विक्रोळीच्या चाळीमागे, शेजाऱ्यांच्या शिव्या खात. गणपती किंवा जत्रा आली की कॉर्नेट, क्लॅरिनेट गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावर. पहिला कॉर्नेट आजोबांनी आणला की त्यांच्या मेव्हण्यानं, यावर आम्ही सहा रविवार घालवले. सातव्या रविवारी हा म्हणतो, "बहुतेक आधी ढोलच आला असेल." वही डोक्यात घालावीशी वाटली!

आता ते साल. अण्णा नुकताच बँडचा मास्तर झाला होता आणि त्याची पहिली मोठी सुपारी म्हणजे माझंच लग्न, गावी, पौष सरल्या सरल्या. मी एकवीस वर्षांची, मुंबईत राहिलेली, म्हणजे स्वतःच्या मते साक्षात नटी. आदल्या दिवशी दुपारी अण्णानं मशीन ऑइलचा डबा हातात दिला. "कॉर्नेटच्या कळांना दोन दोन थेंब सोड. मी मांडवाचं बघतो." मेंदीच्या हाताला तो घाणेरडा वास? छे! बाईसाहेबांनी डोक्याला लावायचं मोगऱ्याच्या वासाचं खोबरेल घेतलं आणि सढळ हातानं ओतलं. वर सगळ्या कळा दाबूनही पाहिल्या. झकास चालत होत्या.

पहाटे वऱ्हाड वेशीवर उतरलं. अण्णानं मास्तरची नवी टोपी सारखी केली, हात उचलला, आणि तीनही कॉर्नेटमधून हगवण लागलेल्या रेड्यासारखा आवाज आला. थंडीत खोबरेल गोठलेलं. एक कळ खाली जाईना, गेलेली वर येईना. ढोलवाला बिचारा एकटाच बडवत राहिला. वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं, "अरे, आधी शेकोटी पेटवा त्यांच्यासाठी!" माझे होणारे सासरे पोट धरून हसले. चार दिवसांनी गावच्या बैठकीत अण्णाची टोपी काढून दुसऱ्याला दिली. मास्तरकी चार महिन्यांची. पुढची तीस वर्षं तो मागच्या रांगेत वाजवत राहिला. बैठकीत त्यानं एवढंच सांगितलं, "थंडी फार होती."

आणि मी? नवी नवरी, नवी साडी, नवं घर! तोंडातून शब्द काढला नाही. आधी लाज, मग उशीर, मग "आता काय उकरायचं"... असं करत पन्नास वर्षं. त्याला काही कळलं नाही, अशी माझी समजूत. फिटरला म्हणे तेल कळत नाही! शहाणी ती मीच.

बाराव्याला भाच्यानं वही माझ्या हातात ठेवली. "आत्या, तुमच्याकडेच असू दे म्हणाले होते." माझ्या लग्नाच्या सालाला अख्खं पान कोरं. वर त्याच्या गिचमिड अक्षरात दोनच शब्द, लावायला मला चष्मा पुसावा लागला: "शालू सांगेल."

म्हणजे दर रविवारी मुलुंडपर्यंत येऊन, माझं बटर खाऊन, हा माणूस त्यासाठी बसत होता! सरळ विचारायचं ना! मी रडले असते, तू दोन शिव्या दिल्या असत्यास, दहा मिनिटांत मिटलं असतं.

काल ते पान लिहिलं. मशीन ऑइल, मोगरा, मेंदी, सगळं. खाली नाव घातलं, स्वतःचं, माहेरच्या आडनावासकट. येत्या जत्रेत वही देवळात वाचायची ठरली आहे आणि ते पान मीच वाचणार, सुनेनं कितीही डोळे वटारले तरी. लिहून झाल्यावर सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि थांबले... हा नेहमी मध्येच म्हणायचा, "चुकलंस, परत लिही."

पहिल्यांदाच एक पान एका फटक्यात पुरं झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.