जाधव मॅडम आणि पहिला कट

पेट्रोल पंपावर गाडीतून उतरून नोझलपाशी ओणवी होणारी, पांढऱ्या स्वच्छ साडीतली बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे, आणि तिच्यामागे लाजेनं अर्धमेली होऊन उभीही राहिले आहे. रविवारी विहारातून परत येताना आमच्या जाधव मॅडम थेट पंपावर यायच्या आणि पंपवाल्याला दम द्यायच्या, "पहिला कट झाला की हात काढायचा. एक थेंब वर गेला तर माझा आठवडा गेला!"

मॅडम मूळच्या परभणीकडच्या, चारकोपच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तीस वर्षं त्यांनी ट्रकच्या डिझेलचा हिशेब ठेवला. ड्रायव्हर लोक त्यांना डिझेलबाई म्हणायचे आणि चळाचळा कापायचे. स्वतःची गाडी त्यांनी आयुष्यात घेतली नाही. पण दुसऱ्याची गाडी किती पिते हे कळल्याशिवाय या बाईला जेवण जायचं नाही, देवाशप्पथ!

आमच्या घरात त्या शिरल्या त्या बाबांच्या गाडीमुळे. बाबा गेले आणि चार महिन्यांत माझ्या भावानं, महेशनं, जाहीर केलं की गाडी विकायची. दहिसरचा एक डीलर महिन्याभरानं बघायला येणार होता. माझं डोकंच सणकलं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा बोरिवलीला न्यायचं, आणि हा म्हणतो विकायची!

"अगं, आठचं ॲव्हरेज देते ती. आठ! पांढरा हत्ती पोसतोय आपण," महेश म्हणाला.

"मेल्या, गाडी इकलंस तर माका रिक्षात कोण चढवतलो?" आई आतून ओरडली. चिडली की ती थेट मालवणीवर येते.

जाधव मॅडम तेव्हा कोथिंबीर मागायला आल्या होत्या. कोथिंबीर राहिली बाजूला. "आठ कुणी मोजलं?" त्यांनी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? हजारचं टाकतो, चार दिवसांत काटा खाली."

"काटा बघून ॲव्हरेज सांगायलास? अंदाज नको देऊस रे बाबा, आकडा दे." मग त्यांनी महेशला कोंडीतच पकडलं. "बाराच्या वर दिलं तर नाही विकणार. शब्द?"

"शब्द," महेश हसून म्हणाला. आपण जिंकलोच अशी त्याची खात्री होती.

पद्धत अगदी सोपी. पंपाचं नोझल आपोआप बंद पडतं तो पहिला कट. तिथंच थांबायचं, मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. आठवडाभर चालवायची, मग त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायची. जितकं पेट्रोल बसलं तितकंच जळलं. किलोमीटरला लिटरनं भागा, झालं. आणि मी काय केलं असेल? दुसऱ्या वेळी पंपवाला म्हणाला, "मॅडम, राउंड फिगर करू?" आणि मी मान हलवली! जन्मभर तेच करत आलोय ना आपण. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून मोजमापाची वाट लावली.

मॅडमनी बिल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वर किती ओतलं कोण सांगणार? आठवडा गेला, लेकी. पुन्हा."

पुन्हा पहिल्या कटपासून सुरुवात केली आणि आठवड्यानं मी वाघीण होऊन पंपावर उभी राहिले. किलोमीटर एकशे बारा, पेट्रोल चौदा लिटर. भागाकार करून मी फोन बॅगेत टाकला आणि मला रडूच आलं. बरोब्बर आठ! महेशनं नुसती भुवई उडवली. त्याला फटकावावंसं वाटलं.

मॅडम मात्र वही पुन्हा पुन्हा उलगडत राहिल्या. प्रत्येक फेरी मी लिहिली होती, बेरीज जुळत होती. टायरची हवा ठीक, खाली गळती नाही. "किलोमीटर बरोबर आणि पेट्रोल जास्त," त्या म्हणाल्या. "म्हणजे गाडी उभ्या उभ्या पिते. माझे ड्रायव्हर ढाब्यावर इंजिन चालू ठेवून झोपायचे, तसंच काहीतरी करायलंय कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी मला खाली बोलावलं. गाडी तिच्या जागेवर उभी होती. मॅडमनी बॉनेटवर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथं टेकवला. गरम! आतून एसीची घरघर. काचेवर टकटक केलं.

आत महेश होता. ऑफिसचे कॉल गाडीतून घेतो हे मला माहीत होतं, पण फोन बाजूच्या सीटवर पालथा पडला होता. बाबांनी सीटच्या पाठीवर टाकलेला पंचा तसाच होता आणि त्यावर डोकं टेकून माझा एवढा मोठा भाऊ रडत होता.

"घरात आईसमोर कुठं रडू?" तो म्हणाला. "रोज तासभर बसतो. म्हणून तर विकायची म्हणतोय. ही समोर असली की वर जाववत नाही गं."

माझा सगळा राग विरघळला. मॅडम मागचं दार उघडून सरळ आत बसल्या.

"तुझ्या बाबांना एसी सोसायचा का रे?"

"नाही," महेशनं डोळे पुसले. "काचा खाली करून चालवायचे."

"मग इंजिन बंद कर, काच खाली घे आणि बस खुशाल."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे पंपावर गेलो, आईसकट! तेच एकशे बारा किलोमीटर. कट झाला. पंपवाल्यानं तोंड उघडायच्या आत महेशच ओरडला, "राउंड फिगर नको!" आठ पॉइंट चार लिटर. भागाकारही त्यानंच केला. तेरा पॉइंट तीन! मी पंपावरच नाचले, लोक बघत होते, बघू देत! महेशनं तिथूनच डीलरला फोन लावून नाही म्हणून सांगितलं.

मॅडमनी मात्र आम्हाला भलत्या खुशीत राहू दिलं नाही. विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग सगळं मिळवून किलोमीटरचा खर्च काढून दिला. "टॅक्सीपेक्षा महागच पडते. पण किती महाग ते आता ठाऊक आहे. परवडत असेल तर ठेवा."

आम्ही ठेवली. मागच्या दिवाळीत मॅडम लेकीकडे परभणीला गेल्या, कायमच्या. सामान पोचवायला आमचीच गाडी गेली आणि वाटेतल्या प्रत्येक पंपावर त्या उतरल्या. मला त्यांची इतकी आठवण येते की रविवारी पंपावर गेलं की मागं वळून बघते. त्यांचा फोन येतो तोही रविवारीच. कशी आहेस वगैरे नाही, पहिला प्रश्न, "किती दिलं?"

"तेरा पॉइंट एक."

"हवा तपास. आणि महेश?"

"बसतो अजून. काच खाली करून."

"बसू दे," मॅडम म्हणतात. "त्याला पेट्रोल लागत नाही."